आत्ययिक हृद्रोगात बायपास शस्त्रक्रिया : आपले कर्तव्य

चरकाचार्यांनी शिर, हृदय व बस्ती ही तीन प्रधान मर्मे मानली आहेत. मर्माच्या व्याधीत कालहरण म्हणजे प्राणसंकट, हे आपण सर्वजण जाणतो. तरीही आमच्याकडून चूक झाली. ५८ वर्षांचे एक शेतकरी चालताना छाती जड होते, थांबले की बरे वाटते, अशी तक्रार घेऊन आले. आम्ही अम्लपित्त समजून तीन दिवस औषध दिले. चौथ्या दिवशी बसल्या जागी वेदना सुरू होऊन घाम सुटला. ईसीजी पाहताच त्यांना शहरात पाठविले. डाव्या मुख्य हृद्धमनीत गंभीर अवरोध आढळून तातडीने बायपास करावी लागली. रुग्ण वाचले, मात्र तीन दिवस वाया गेले, हा दोष आमचाच.

हृदयविकाराच्या झटक्यात बहुतेक रुग्णांना प्रथम अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळविणारे औषध देतात. डाव्या मुख्य धमनीचा अवरोध, अनेक धमन्या बंद असून न थांबणारी वेदना, अँजिओप्लास्टी अशक्य वा अयशस्वी होणे, हृदयाचा पडदा फाटणे, अशा स्थितीत तातडीची शस्त्रक्रिया विचारात घेतात. छातीतील धमनी किंवा पायातील शीर जोडून अवरोधापुढे रक्त पोहोचविले जाते.

जामखेडहून अहिल्यानगर सुमारे ७५ किलोमीटर आहे. म्हणून पहिला निर्णय गावातच व्हावा. छातीत दाब, हात वा जबड्याकडे जाणारी वेदना, घाम, धाप यांपैकी काही आढळल्यास दहा मिनिटांत ईसीजी काढावा. सोय नसल्यास थांबू नये. मधुमेही, वृद्ध व स्त्रियांत लक्षणे अस्पष्ट असू शकतात. अॅलर्जी वा रक्तस्राव नसल्यास अॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खाण्यास द्यावे व १०८ ला कळवावे. काढे, चूर्णे देत बसू नये. घाम व धाप असलेला ग्राहक गॅसचे औषध मागू लागल्यास औषधविक्रेत्यांनी त्याला आधी ईसीजीसाठी पाठवावे.

सोबतच्या चिठ्ठीत वेदनेची वेळ व चालू औषधे लिहावीत. क्लोपिडोग्रेल, तसेच गुग्गुळ व लसणाचे कल्प यांनी रक्तस्राव वाढू शकतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व ओळखपत्र बरोबर द्यावे.

शस्त्रक्रियेनंतर पथ्य, विहार व मनःस्वास्थ्य यांत आपले साहाय्य मोलाचे आहे. अर्जुनाचे कल्प शल्यचिकित्सकांच्या संमतीनेच द्यावेत. अॅस्पिरिन व स्टॅटिन परस्पर बंद करू नयेत. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविणे हीदेखील चिकित्साच होय.