शनिवार-रविवार, बोनमध्ये दोघांचे

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको पॅरिसला जात आहोत. एखाद्या छोट्या गावात दोन दिवस चांगलं जेवण आणि वाइन असा बेत आहे. मी मांसाहारी, पण पत्नी शाकाहारी. अंडं तिला चालतं. कुठे जावं?

उत्तर : बरगंडीतल्या बोनला जा. पॅरिसहून दिजोंला गाडी बदलली की साधारण अडीच तासांत पोहोचता येतं. शनिवारी सकाळीच पोहोचा, कारण त्या दिवशी तिथे बाजार भरतो. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

आधी 1443 साली स्थापन झालेलं ओतेल-दिय हे जुनं रुग्णालय पाहा. त्याच्या संस्थेचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत आणि त्या वाइनचा लिलाव 1859 पासून होतो. दुपारी सायकली भाड्याने घेऊन मळ्यांमधल्या रस्त्याने पोमार, वोलने, मर्सो ही गावं करा. पहिल्या दोन गावांत पिनो न्वारची लाल वाइन, मर्सोत शार्दोनेची पांढरी. तळघरात चव घेताना घोट थुंकून टाकायला संकोचू नका. तशी रीतच आहे, आणि परत सायकलही चालवायची आहे!

तुम्ही वाइनमध्ये मंद शिजवलेलं बफ बुर्गिन्यों मागवा. ते गोमांसाचं असतं, चालत नसेल तर कोंबडीचं कॉक ओ व्हँ घ्या. पत्नीसाठी गुजेर, म्हणजे चीजचे फुगीर गोळे. मात्र बऱ्याच पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, तेव्हा आधी विचारा. शाकाहारी जेवणाची कल्पना टेबल राखतानाच द्या.