कामगंध सापळ्यांचे आलेख : विलग पायथन कक्षातील मांडणी

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांत सलग 3 रात्री प्रति सापळा 8 पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे समजले जाते. ही माहिती अनेकदा आलेखाद्वारे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचते. मात्र, एका गावाची मागील आठवड्यातील निळी रेषा दुसऱ्या संगणकावर नारिंगी झाल्यास शेजारच्या गावाची नोंद आपली समजून अनावश्यक फवारणी होऊ शकते किंवा आवश्यक फवारणी राहून जाऊ शकते.

पायथनमधील मॅटप्लॉटलिब हे आलेखसाधन रंगांचा क्रम, अक्षरसंच व आकार ‘मॅटप्लॉटलिबआरसी’ या फाइलमधून घेते. ‘व्हेन्व्ह’ने तयार केलेल्या विलग कक्षामुळे साधनांच्या आवृत्त्या वेगळ्या राहतात, परंतु वापरकर्त्याची मांडणी फाइल कक्षाबाहेर असल्याने ती सर्व कक्षांना लागू होते.

फाइलचा शोध पुढील क्रमाने घेतला जातो :
1. आज्ञावली जेथून चालवली ते फोल्डर
2. ‘मॅटप्लॉटलिबआरसी’ या पर्यावरण चलात दिलेला मार्ग
3. वापरकर्त्याचे मांडणी फोल्डर
4. कक्षात स्थापित साधनाची मूळ फाइल

प्रथम सापडलेली फाइल लागू होते. तीत नसलेल्या बाबींसाठी मूळ मूल्ये वापरली जातात. मूळ फाइलमध्ये बदल करू नये, कारण साधन अद्ययावत करताच ते पुसले जातात.

शिफारशी
• मांडणी फाइल व साधनांच्या आवृत्त्यांची यादी प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवावी आणि आज्ञावली तेथूनच चालवावी. 2017 मधील 2.0 या आवृत्तीत मूळ रंगक्रमच बदलला होता.
• प्रत्येक गावाचा रंग आज्ञावलीत नावानिशी निश्चित करावा. केवळ क्रमावर विसंबल्यास एका गावाची नोंद न आल्यास पुढील सर्व रंग सरकतात.
• मूळ ‘देजावू सान्स’ अक्षरसंचात देवनागरी नसल्याने गावांच्या नावांऐवजी चौकोन उमटतात. ‘नोटो सान्स देवनागरी’ प्रत्येक संगणकावर स्थापित करावा. मांडणी फाइलमध्ये केवळ त्याचे नाव असते. जोडाक्षरे व वेलांट्या तपासून घ्याव्यात.
• कोणती फाइल लागू आहे, हे ‘मॅटप्लॉटलिब एफनेम’ या फंक्शनने पाहावे.

आलेख प्रसारित करण्यापूर्वी त्यातील एका गावाची रेषा मूळ नोंदवहीशी ताडून पाहावी.