कासवांच्या घरट्यांचे नकाशांकन : अंश आणि मीटर

ओडिशातील ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळ ऑलिव्ह रिडले कासवे सामूहिकरीत्या अंडी घालण्यासाठी येतात. भरतीरेषेच्या फार जवळची घरटी पाण्याने वाहून जाऊ शकतात; म्हणून त्या रेषेपासूनचे अंतर निर्णायक ठरते. क्यूजीआयएस या निःशुल्क, मुक्तस्रोत आज्ञावलीत ते काढता येते. नवशिक्याची पहिली चूक नोंदी आयात करतानाच होते. क्ष-स्तंभासाठी रेखांश व य-स्तंभासाठी अक्षांश निवडावा लागतो. अदलाबदल झाल्यास ऋषिकुल्येची घरटी थेट आर्क्टिक महासागरात दिसू लागतात! ही चूक निदान लगेच लक्षात येते.

दुसरी अधिक फसवी आहे. जीपीएसच्या नोंदी सामान्यतः डब्ल्यूजीएस ८४ पद्धतीने, म्हणजे अंशांत असतात. ऋषिकुल्येच्या परिसरात एक अंश उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे १११ किमी, तर पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे १०५ किमी भरतो. साहजिकच अंशांत आखलेले वर्तुळाकार बफर क्षेत्र जमिनीवर लंबगोल होते. याकरिता घरट्यांचा स्तर यूटीएम विभाग ४५ उत्तर (ईपीएसजी ३२६४५) या प्रक्षेपणात नव्याने जतन करावा. केवळ प्रकल्पाचे प्रक्षेपण बदलणे पुरेसे नाही. त्याने पडद्यावरील चित्र बदलते, स्तरातील निर्देशांक अंशांतच राहतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यासाठी विभाग ४३ उत्तर घ्यावा लागेल. शेतातील कामगंध सापळ्यांमधील अंतरे काढतानाही हीच पद्धत अवलंबावी.

मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरांची त्रुटी राहतेच. भरतीरेषेपासून तीन-चार मीटरवर असलेल्या घरट्याचे अंतर मोजपट्टीनेच घ्यावे.