विरून जाणारे दाणे हाडात भरतात कशाला?

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी खोपोलीजवळ मोटारसायकल घसरून धाकट्या भावाचं गुडघ्याखालचं हाड मोडलं. ऑपरेशनमध्ये प्लेट आणि स्क्रू बसवले, शिवाय हाडात ‘कृत्रिम हाडाचे दाणे’ भरले. आता डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणतात, दाणे विरत चाललेत, छान आहे. विरायचेच होते तर भरले कशाला? आत पोकळी नाही का राहणार? – एक वाचक, कडाव (ता. कर्जत)

उत्तर : गुडघ्यावर जोराचा दणका बसला, की नडगीच्या हाडाचा वरचा सपाट भाग पुष्कळदा खाली बसतो, पावसाळ्यात अंगणातली फरशी खचते तसा. सर्जन तो उचलून जागेवर आणतात. मग त्याच्याखाली उरते पोकळी. ती तशीच सोडली तर उचललेला भाग पुन्हा खचण्याची भीती.

भरायला सगळ्यात चांगलं रुग्णाचंच हाड, कमरेच्या हाडाच्या कडेतून काढलेलं. त्यात जिवंत पेशी असतात. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ती दुखते, आणि हवं तेवढं हाड मिळेलच असं नाही. दात्यांचं हाडही वापरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८पासून ऊतीपेढी आहे. तिथे असं हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतात. तिसरा मार्ग तुमच्या भावाच्या दाण्यांचा.

हे दाणे म्हणजे भट्टीत भाजलेलं कॅल्शियम फॉस्फेट. आपल्या हाडाचा बराचसा भाग याच घराण्यातल्या खनिजाचा असतो, म्हणून शरीर त्यांना परकं मानत नाही. कल्पना जुनी आहे : आल्बी आणि मॉरिसन या अमेरिकी डॉक्टरांनी असा प्रयोग १९२०मध्येच प्रसिद्ध केला होता.

आता विरण्याचं. कर्जतसारख्या भात संशोधन केंद्राच्या गावाशेजारी राहणाऱ्यांना खताचं उदाहरण लगेच पटेल. रॉक फॉस्फेट ही दगडाचीच पूड. एरवी ती मातीत नुसती पडून राहते, पण कोकणातल्या आम्ल जमिनीत हळूहळू विरघळून पिकाला लागू पडते. सुपर फॉस्फेट म्हणजे तोच दगड कारखान्यात गंधकाम्लाने फोडलेला. हाडात हे काम पेशी करतात. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी दाण्याला चिकटून बसतात, खाली आम्ल सोडतात आणि दाणा कुरतडतात. त्यांच्या मागोमाग ऑस्टिओब्लास्ट नवं हाड रचत येतात. धडधाकट माणसातही ही जोडी अखंड राबत असते. प्रौढ सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. दाणे या चालू कामात सामील होतात, इतकंच.

सगळी गोम वेगात आहे. पोकळीत भरलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस दोन-तीन महिन्यांत जातं, तेव्हा नवं हाड अजून अर्ध्यावर असतं. उलट, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट हा कॅल्शियम फॉस्फेटचा प्रकार वर्षानुवर्षं तसाच बसून राहतो. त्याचाच दुसरा प्रकार, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, मधला : काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत. म्हणून पुष्कळदा या शेवटच्या दोघांचं मिश्रण वापरतात. दाण्यात मिलिमीटरच्या दशांशापासून अर्ध्यापर्यंतची छिद्रंही मुद्दाम ठेवलेली असतात. त्यांतून रक्तवाहिन्या आत शिरतात.

मात्र दाण्यांवर फार विसंबू नये. ते ठिसूळ असतात. भार प्लेट पेलते. त्यांच्यात जीव नसतो, त्यामुळे पेशी आणि रक्त आजूबाजूच्या हाडातूनच यावं लागतं. भाऊ विडी-सिगारेट ओढत असेल तर तीच पहिली आड येते. चहूबाजूंनी हाड असलेल्या पोकळीला दाणे झकास. पण हाडाचा मोठा तुकडाच गेला असेल किंवा आत पू झाला असेल, तर नुसत्या दाण्यांवर भिस्त ठेवणं मला पटत नाही.

पुढच्या खेपेला पहिल्यापासूनच्या सगळ्या फिल्म बरोबर न्या आणि डॉक्टरांना दोन गोष्टी दाखवायला सांगा. उचललेला भाग होता त्याच उंचीवर आहे ना? आणि दाण्यांच्या कडा पुसट झाल्या, तिथून हाडाच्या बारीक रेषा जाताना दिसतात ना? दिसत असतील तर दाण्यांची जागा हाडाने घेतली. पांढरं जाऊन नुसतं काळं उरलं असेल, तर मात्र तुमची पोकळीची शंका खरी, आणि ती तिथेच विचारा.