रसिक-अनुवाद : ‘बारा राज्यां’च्या निमित्ताने

एखादी साहित्यकृती परक्या भाषेत जायला निघाली की तिला वाटाड्या लागतो. हा वाटाड्या बहुधा प्रकाशकाने नेमलेला असतो. परंतु कधी कधी एखादा वाचकच, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, ते काम अंगावर घेतो. अशा भाषांतराला मी ‘रसिक-अनुवाद’ म्हणतो. जपानी लेखिका ओनो फुयुमी यांच्या ‘जूनी कोकुकी’, म्हणजे ‘बारा राज्यांची बखर’, या अद्भुतरम्य कादंबरीमालेच्या आधारे त्याचे मोल आणि मर्यादा पाहण्याचा हा प्रयत्न आहे. मला जपानी येत नाही. म्हणूनच हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो.

या मालेतील ‘चंद्राची छाया, छायेचा समुद्र’ ही कादंबरी १९९२ साली प्रसिद्ध झाली. योको नावाची शाळकरी मुलगी जपानमधून एका अज्ञात जगात जाऊन पडते. तिथली भाषा तिला जपानीच वाटते. पुढे महायुद्धाच्या काळात तिथे येऊन पडलेला एक जपानी म्हातारा तिला भेटतो. त्याच्या कानाला मात्र ती भाषा परकीच! भाषा आपोआप कळणे ही योकोच्या खऱ्या ओळखीची खूण आहे, हे वाचकाला मागाहून उमगते. म्हणजे भाषा समजणे आणि न समजणे हा या कथेचा कणाच आहे.

या कादंबऱ्यांवरून केलेली ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, ‘एनएचके’ने २००२-०३ मध्ये ४५ भागांत दाखविली. तिच्यात एक मोठा बदल आहे. कादंबरीत योको एकटी जाते. चित्रमालिकेत तिच्याबरोबर सुगिमोतो आणि असानो हे सोबतीही जातात. कादंबरीकाराला पात्राच्या मनात शिरता येते. पडद्यावर मनातले बोलायला समोर कोणीतरी लागते. पण त्यामुळे योकोचे भयाण एकटेपण उणावते. उलट, सोबत्यांना तिथली भाषा कळत नसल्याने योकोलाच त्यांची दुभाषी व्हावे लागते, ही त्यातली भर. माध्यमांतर हेही एक भाषांतरच आहे. त्यात काही गळते, काही नवे येते.

चित्रमालिका आधी आली. इंग्रजी पुस्तके टोकियोपॉप या प्रकाशनसंस्थेने २००७ पासून काढली. मधल्या काळात ज्यांना मूळ कथा हवी होती, त्यांच्यासाठी रसिक-अनुवाद हाच दरवाजा होता. या संस्थेची अधिकृत इंग्रजी पुस्तकेही चारच निघाली. २०११ मध्ये त्या संस्थेने अमेरिकेतील प्रकाशन बंद केले. जपानीत मात्र माला पुढे चालूच राहिली. २०१९ मध्ये तिच्यात चार खंडांची नवी कादंबरी आली.

या अनुवादातली खरी अडचण नावांची आहे. योकोशी निगडित राज्याचे नाव ‘केइ’ आणि तिथल्या राजाचे बिरुदही ‘केइ’. उच्चार एकच, पण लिहिताना चिन्हे वेगळी. पहिल्याचा अर्थ आनंदोत्सव, दुसऱ्याचा देखावा. राजाची निवड करणारा दैवी प्राणी म्हणजे ‘किरिन’. त्यातला ‘कि’ नर आणि ‘रिन’ मादी. म्हणून ‘केइकी’ हे नाव वाचताच जपानी वाचकाला राज्य आणि लिंग दोन्ही कळतात. रोमन किंवा देवनागरी लिपीत उरतो तो केवळ ध्वनी. आपल्याकडे ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे जल. हा भेद डोळ्यांना दिसतो, कानांना बहुधा नाही. तिथे तर असे भेद पानोपानी आहेत. अशा ठिकाणी अनुवादकाने निमूटपणे पुढे न जाता तळटीप द्यावी, असे माझे मत आहे. रसिक-अनुवादक हे हौसेने करतात. त्यांना पृष्ठसंख्येचे बंधन नसते.

याचा अर्थ सारे आलबेल आहे असा नव्हे. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही तो लेखकाच्या हक्कांत गणला आहे. परवानगीवाचून केलेले भाषांतर कितीही प्रेमाने केलेले असले, तरी त्यातून लेखिकेच्या पदरी काही पडत नाही. शिवाय संपादकाची नजर नसल्याने चुका तशाच राहतात. तेव्हा अधिकृत पुस्तक मिळत असेल तर तेच विकत घ्यावे, हे उघड आहे.

मात्र जिथे बाजाराला नफा दिसत नाही, तिथे वाचकाची ओढ वाट काढते, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. आपण वर्गात अनुवादाची तत्त्वे शिकतो. ‘केइ’सारख्या एका अक्षरापाशी अडून, त्यासाठी टीप लिहिणारा अनामिक रसिक तीच तत्त्वे आचरत असतो.