बैठका भरपूर, उडी तेवढीच

प्रश्न : तालमीत रोज बैठका मारतो, तरी व्हॉलीबॉलमधली उडी वाढत नाही. प्लायोमेट्रिक्सने वाढेल का?
– एक खेळाडू, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : वाढेल, पण बैठका सोडून नव्हे. मांड्या कमावण्याची विद्या सातारा-सांगलीच्या तालमींना कोणी शिकवायला नको. अडचण वेगळी आहे. स्मॅशपूर्वी पाय जमिनीवर टेकतात ते क्षणभरच, आणि कमावलेली सगळी ताकद तेवढ्यात बाहेर पडत नाही. ताणलेला स्नायू लगेच आखडला, तरच ताणात साठलेली ऊर्जा उडीला मिळते. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात खोक्यावरून उतरून तत्क्षणी उसळण्याचा सराव, म्हणजे प्लायोमेट्रिक्स, रुजवला, तो यासाठीच. गोरान मार्कोविच यांनी २००७ मध्ये अशा सरावावरचे २६ अभ्यास एकत्र तपासले; खाली वाकून मारलेल्या उडीत सरासरी ८.७ टक्के वाढ दिसली. म्हणजे ५० सेंटिमीटरच्या उडीत चारेक सेंटिमीटर. थोडे वाटेल, पण २.४३ मीटरच्या जाळ्यावर तेवढ्यात ब्लॉक चुकतो. ‘गुडघे जातील’ ही वडीलधाऱ्यांची भीती अगदीच खोटी नाही. मात्र दोष बहुधा अति उड्यांचा आणि बेफिकीर उतरण्याचा असतो. स्मॅश-ब्लॉकच्या उड्याही हिशेबात धरा. आठवड्यातून दोनदाच, मध्ये ४८ तास सोडून, सिमेंटऐवजी मातीवर सराव करा. उतरताना गुडघे आत वळत असतील, तर खोके तूर्त बाजूला ठेवा.