चोथा वाया जातो का?

भाकरी, हरभरे, पेरू किंवा कांदा आपण खातो, तेव्हा त्यांतील काही भाग आपल्या पाचकरसांना पचवता येत नाही. हा चोथा लहान आतड्यातून तसाच पुढे सरकतो. मग तो वाया जातो का? मुळीच नाही! सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या असंख्य जिवाणूंचे ते अन्नच होय.

हे जिवाणू चोथ्यातील बराच भाग आंबवतात. त्यातून इतर पदार्थांबरोबर ब्युटिरिक आम्ल तयार होते. खवट लोण्याला येणारा वास याच आम्लाचा. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यापासून मिळवतात. शिवाय दाह आवरणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या वाढीस ते मदत करते. हे महत्त्वाचे आहे, कारण आतड्यात वर्षानुवर्षे दाह राहिला, तर कर्करोगाचा धोका वाढतो.

उपयुक्त जिवाणूंना पोसणाऱ्या अशा अन्नघटकांना ‘प्रीबायोटिक’ म्हणतात. कांदा-लसणातील इन्युलिन हे त्याचे उदाहरण. आरोग्यास हितकर असे जिवंत जिवाणूच पोटात घेतले, तर ते ‘प्रोबायोटिक’.

आता एक प्रयोग पाहा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग बराच आढळतो. दक्षिण आफ्रिकेतील खेड्यांत तो क्वचितच दिसतो. शास्त्रज्ञांनी दोन्हीकडील प्रत्येकी २० निरोगी माणसे निवडली आणि दोन आठवडे त्यांच्या आहाराची अदलाबदल केली. अमेरिकनांच्या रोजच्या आहारातील चोथा सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला, स्निग्धांश कमी केला. आफ्रिकनांचा चोथा ६६ ग्रॅमवरून १२ ग्रॅमवर आणला, स्निग्धांश वाढवला.

निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरिक आम्ल सुमारे अडीचपट झाले. अस्तरातील दाह आणि पेशीविभाजनाचा वेग कमी झाला. आफ्रिकनांमध्ये नेमके उलट घडले. तेही अवघ्या दोन आठवड्यांत!

मात्र घाईने अनुमान काढू नका. कर्करोग व्हायला बरीच वर्षे लागतात. या प्रयोगात केवळ धोक्याच्या खुणा मोजल्या होत्या. दही किंवा प्रोबायोटिकच्या गोळ्या हे कर्करोगावरचे औषध नव्हे. भरपूर चोथा असलेला आहार रोज घेणे मात्र आपल्या हाती आहे.

काल दिवसभरात काय काय खाल्ले, ते वहीत लिहा. त्यांपैकी कोणते पदार्थ तुमच्या जिवाणूंपर्यंत पोचले असतील?